चार आण्यांचा दरारा

सिनेमा पाहून घरी येताना माणूस गप्प बसत नाही. नायिका थोराड दिसत होती, शेवट ओढूनताणून आणला, गाणी मात्र झकास होती, असं काहीबाही बोलत आपण घर गाठतो. ही बडबड आपण फुकट करतो. याच बडबडीला चार आणे किंमत लावून, ती इंग्रजीत छापून, मुंबईच्या चित्रपट निर्मात्यांना ज्यानं वीस-पंचवीस वर्षं धाकात ठेवलं तो माणूस पालघरजवळच्या मासवण या खेड्यातला. बाबूराव पाटील हे घरचं नाव. पुढे त्यांनी पाटलाचं पटेल केलं आणि बाबूराव पटेल म्हणूनच ते सगळ्या हिंदुस्थानला ठाऊक झाले. त्यामुळे अनेकांना ते गुजराथी वाटत. मराठी माणसाला तर अजूनही सांगावं लागतं की अहो, हे आपलेच.

त्यांचा जन्म 1904 सालचा, मृत्यू 1982 सालचा. मधल्या अठ्ठ्याहत्तर वर्षांत ते दिग्दर्शक, संपादक, होमिओपथीचे वैद्य आणि लोकसभेचे सदस्य झाले. पण त्यांची खरी ओळख एकाच मासिकाची. ‘फिल्मइंडिया’.

मला मात्र बाबूराव उलट्या बाजूनं भेटले. 1970 नंतरची दोन-चार वर्षं असतील. इंदापूरला आमच्या शाळेत इंग्रजी शिकवणारे एक गुरुजी होते. त्यांच्याकडे टपालानं ‘मदर इंडिया’ नावाचं मासिक येई. ‘फिल्मइंडिया’नं 1960च्या सुमारास हे नवं नाव घेतलं होतं आणि सिनेमा जवळजवळ सोडून राजकारण धरलं होतं. आम्हां पोरांना यातलं काही माहीत नव्हतं. गुरुजी मासिक शेवटाकडून उघडत, कारण वाचकांचे प्रश्न आणि संपादकांची उत्तरं तिथं असत. कुणी लग्नाविषयी विचारलेलं असे, कुणी पंतप्रधानांविषयी, कुणी मूळव्याधीविषयी. उत्तर दोन ओळींचं, आणि दुसऱ्या ओळीत चिमटा. गुरुजी आधी स्वतःशी हसत, मग आम्हांला त्याचं व्याकरण सोडवायला लावत. चांगलं इंग्रजी शिकायचं तर हे वाचा, असा त्यांचा हट्ट. त्या इंग्रजीचा मालक स्वतः मॅट्रिकसुद्धा झालेला नव्हता, हे मला फार पुढे कळलं. गुरुजींना ते ठाऊक होतं की नव्हतं कोण जाणे.

शाळा सुटली ती सुटलीच. बाबूराव वाचत गेले. मूकपटांचा काळ होता आणि मुंबईत सिनेमाचा धंदा नुकता बाळसं धरू लागला होता. 1926 साली, म्हणजे वयाच्या बाविसाव्या वर्षी, ते ‘सिनेमा समाचार’ या नियतकालिकात लिहू लागले. आज ज्याला आपण चित्रपट पत्रकार म्हणतो तो प्राणी तेव्हा जन्माला यायचा होता. सिनेमा ही चांगल्या घरात चारचौघांत बोलण्याची गोष्ट नव्हती, मग त्यावर लिहिणं हा धंदा कुठून असणार? नुसतं लिहून भागेना म्हणून बाबूराव सिनेमा काढायला गेले. 1929 साली त्यांनी ‘किस्मत’ नावाचा मूकपट केला. मग बोलपटांच्या काळात ‘सती महानंदा’, ‘महाराणी’, ‘बाला जोबन’ वगैरे. यांतला एकही आज कुणाच्या लक्षात नाही. पण या वर्षांत त्यांना धंद्याच्या आतल्या खाणाखुणा कळल्या. कोण कुणाचे पैसे बुडवतो, कुठला वितरक कुणाला कसा नाडतो, कथेचा लेखक उपाशी कसा राहतो. पुढची सगळी दौलत त्यांनी या शिदोरीवर मिळवली.

एप्रिल 1935मध्ये ‘फिल्मइंडिया’चा पहिला अंक निघाला. भागीदार होते पारकर नावाचे मुद्रक. किंमत चार आणे. चार आणे त्या काळी थोडे नव्हते आणि इंग्रजी वाचणारे तर त्याहून थोडे. तरी अंक खपू लागला. कागद चांगला, छपाई देखणी, मुखपृष्ठं रंगीत. गुलबर्ग्याहून मुंबईला आलेल्या एस. एम. पंडितांसारख्या चित्रकाराचा कुंचला त्यासाठी राबला. आत परीक्षणं, ‘बॉम्बे कॉलिंग’ नावाचं कुजबुजीचं सदर (त्याच्या लेखकाचं टोपणनाव होतं ज्यूडस, येशूला दगा देणाऱ्या शिष्याचं, आपण काय करतो आहोत याची संपादकांना पुरती जाणीव होती) आणि वाचकांच्या प्रश्नांचं ते सदर. लाहोरच्या कॉलेजातली मुलं हा अंक हातात मिरवत. त्यांच्यातला एक देव आनंद. मुंबईला येण्याआधी त्याला सिनेमाची दुनिया दिसली ती या पानांतून, हे त्यानं पुढे कृतज्ञतेनं सांगितलं आहे.

इथे माझ्यातला बँकवाला जागा होतो. मी 1982 साली नोकरीला लागलो आणि बरीच वर्षं बारामती-इंदापूर भागातल्या शाखांमध्ये काढली. पीककर्ज, म्हशींचं कर्ज, विहिरीचं कर्ज. तपासणीला गेलं की कर्जदाराच्या ओसरीवर बसायचं, त्याच्या घरचा चहा प्यायचा आणि कागदावर लिहायचं की गोठ्यात दोन म्हशी कमी आहेत. हे ज्यानं केलं आहे त्याला ‘फिल्मइंडिया’ची गंमत कळेल. मासिक चालायचं ते निर्मात्यांच्या जाहिरातींवर. पानंच्या पानं भरून जाहिराती असत. आणि त्याच अंकात, चार पानं उलटली की त्याच निर्मात्याच्या सिनेमाची साल काढलेली असे. निर्माते चरफडत आणि पुढच्या महिन्याची जाहिरात पाठवत. न पाठवली तर काय लिहील याची भीती, पाठवली तर निदान वाचक तरी मिळतील ही आशा. या भीतीत आणि आशेत बाबूरावांचं मासिक उभं राहिलं. त्यांची सगळी स्तुती आणि सगळी निंदा निखळ होती असं मी म्हणणार नाही. आवडते-नावडते होते, हिशेब चुकते करणं होतं. पण पैसे घेऊन गोड लिहायचं हा त्या काळचा सर्रास शिरस्ता असताना पैसे घेऊनही कडू लिहिता येतं, हे या माणसानं दाखवलं.

आमच्याकडे तेव्हा सिनेमा कसा पोचत होता? इंदापूर-बारामती हा तुकोबांच्या पालखीचा रस्ता. उंडवडीहून बारामती, मग सणसर, निमगाव केतकी, इंदापूर. 1936 साली प्रभातचा ‘संत तुकाराम’ आला. दामले-फत्तेलालांचं दिग्दर्शन आणि विष्णुपंत पागनीसांचा तुकाराम. मुंबईत तो वर्षभर चालला, 1937 साली व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. पण पालखीच्या वाटेवरच्या माणसाला व्हेनिसशी काय देणंघेणं? माझी आजी सांगे, तंबूत पडद्यावर तुकोबा आले की बायका बसल्या जागी हात जोडत. मी पाहिलेले तंबू नंतरचे, नीरा-नरसिंहपूरच्या जत्रेतले आणि बाजारच्या मैदानातले. मध्ये दोर बांधलेला, एका बाजूला बाया, एका बाजूला बाप्ये. प्रक्षेपक एकच, त्यामुळे रीळ बदलताना अंधार, आणि त्या अंधारात दोन्ही बाजूंनी परीक्षण सुरू. खलनायकाला शिव्या, सासूला त्याहून जास्त. या मंडळींनी ‘फिल्मइंडिया’ कधी पाहिला नसेल, पण बाबूराव इंग्रजीत लिहीत ते पुष्कळदा हेच असे. तंबूतल्या प्रेक्षकाचा ठोकताळा आणि पाटलाची जीभ, वर साहेबाची भाषा.

ती भाषा त्यांनी साहेबावरही उगारली. 1938 साली ‘द ड्रम’ हा विलायती सिनेमा मुंबईला लागला. सरहद्दीवरचे पठाण दगाबाज, गोरा सैनिक शूर, असा सगळा मामला. मुंबईत निदर्शनं झाली आणि तो उतरवावा लागला. पुढच्या वर्षी हॉलिवूडचा ‘गंगादीन’ आला, त्यावर मुंबई आणि बंगालमध्ये बंदी आली. हिंदुस्थानची नालस्ती करणाऱ्या अशा चित्रपटांविरुद्ध ‘फिल्मइंडिया’नं सतत रान उठवलं. 1939 साली ख्वाजा अहमद अब्बास या तरुण पत्रकारानं गांधीजींना खुलं पत्र लिहिलं. गांधीजींना सिनेमाचा तिटकारा. या नव्या कलेकडे तुच्छतेनं पाहू नका, अशी त्या पत्रातली विनवणी. ते पत्र छापलं ‘फिल्मइंडिया’नं. वाईट सिनेमाला झोडपणारा माणूसच सिनेमाचा वकील म्हणून थेट महात्म्यापुढे उभा राहतो, हे मला त्यांच्या सगळ्या उद्योगांत मोलाचं वाटतं.

आता दुसरी बाजू. ही जीभ निर्मात्यांपुरती थांबली नाही. नट्यांचा बांधा, त्यांचं वय, त्यांची लग्नं, न झालेली लग्नं, यांवर त्या पानांत जे छापलं गेलं त्यातलं पुष्कळसं या पुरवणीत मी लिहू शकणार नाही. लोक चवीनं वाचत. ज्यांच्याविषयी लिहिलं जाई त्यांना उत्तर द्यायला जागा नसे. अपवाद एक. शांता आपटे. ‘कुंकू’मधली नीरा ज्यांनी पाहिली आहे त्यांना ही बाई पडद्याबाहेर कशी असेल याची कल्पना येईल. 1939 साली करारावरून वाद झाला तेव्हा तिनं प्रभातच्या फाटकाशीच उपोषण मांडलं होतं. तर बाबूरावांनी तिच्याविषयी अद्वातद्वा लिहिलं म्हणून ती हातात छडी घेऊन त्यांच्या कचेरीत गेली आणि तिनं त्यांना फोडून काढलं, अशी कथा सिनेमावाले पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले आहेत. आख्यायिकेला मीठमसाला लागतोच. पण ती इतकी वर्षं आवडीनं सांगितली गेली, त्यावरून छडी मारावीशी वाटणारे किती असतील ते कळतं.

बारामतीतली माझ्या चुलत बहिणीची नात पुण्यात सिनेमावर लिहिते. वय पंचवीस. मला आजोबा म्हणते आणि माझ्या कादंबऱ्या वाचत नाही, म्हणजे नातं निकोप आहे. मागच्या दिवाळीत ती जरा उतरलेली दिसली. कामाचं स्वरूप तिनं समजावून सांगितलं. सिनेमा लागण्याआधी प्रचाराची माणसं बोलावतात, भेटवस्तू देतात, नटाबरोबर दहा मिनिटं मिळतात, प्रश्न आधी दाखवावे लागतात. खरं लिहिलं तर पुढच्या वेळी यादीत नाव नाही. आणि यादीत नाव नाही तर नोकरी कशाची करायची? मी उपदेश केला नाही, नोकरी सोडून मी आता घरी बसलेलो आहे, मला शूर व्हायला काय जातं. ‘फिल्मइंडिया’चे जुने अंक आता संगणकावर फुकट वाचायला मिळतात, ते मात्र मी तिला शोधून दिले.

चार दिवस ती त्यात बुडून गेली. एका मोठ्या निर्मात्याच्या सिनेमाचं परीक्षण वाचून खदाखदा हसली, आईला वाचून दाखवलं. पाचव्या दिवशी एका नटीवरचा मजकूर तिच्यापुढे आला. तो तिनं पुरा वाचला, संगणक मिटला आणि विचारलं की या बाईनं याचं काय घोडं मारलं होतं? मला उत्तर देता आलं नाही. निर्मात्याकडे पैसा होता, थिएटरं होती, त्याला झोडपायला धाडस लागत होतं. त्या पोरीकडे काय होतं? तिच्यावर लिहायला कसलं धाडस लागत होतं? एकाच अंकात, एकाच शाईत दोन्ही छापलेलं आहे, आणि वाचकांना तेव्हा दोन्ही सारखंच मर्दानी वाटलं असावं.

दुसऱ्यांच्या सिनेमांवर तुटून पडणाऱ्यानं स्वतः सिनेमा काढला की सगळं गाव तिकीट काढून बसतं, मात्र हसायला. बाबूरावांनी 1944 साली ‘द्रौपदी’ आणि 1946 साली ‘ग्वालन’ काढला. दोन्हींत नायिका सुशीलाराणी. मूळच्या टोंबट. मोगूबाई कुर्डीकरांच्या शिष्या, शिकलेल्या, गळा असा की ऐकत राहावं. बाबूराव त्यांच्या प्रेमात पडले. बाबूरावांचं हे पहिलं लग्न नव्हे, पण शेवटपर्यंत टिकलं. दोन्ही सिनेमे आपटले. ज्यांना त्यांनी वर्षानुवर्षं सोलून काढलं होतं त्या मंडळींनी त्या दिवशी पेढे वाटले असतील. एक मात्र झालं, बाबूराव पुन्हा दिग्दर्शनाच्या वाटेला गेले नाहीत. सुशीलाराणीही पडद्यावरून दूर झाल्या. त्या मासिकात लिहू लागल्या आणि गात राहिल्या.

प्रेक्षक बाबूरावांचं ऐकत होते का? 1943 साली बॉम्बे टॉकीजचा ‘किस्मत’ आला. अशोककुमार त्यात पाकीटमार, आणि तरीही नायक. गुन्हेगारीला असं मोहक रूप देणं बाबूरावांना मुळीच रुचलं नाही, त्यांनी त्यावर कडाडून टीका केली. ‘किस्मत’ कलकत्त्याच्या एका थिएटरात तीन वर्षांहून जास्त चालला. ‘किस्मत’ याच नावाचा यांचा स्वतःचा मूकपट मात्र कधीच विसरला गेला होता. पण 1957 साली मेहबूबचा ‘मदर इंडिया’ आला तेव्हा त्यांनी हात आखडता घेतला नाही. नर्गिसच्या कामाची त्यांनी अशी भरभरून वाखाणणी केली की त्या सिनेमाचा इतिहास लिहिणारे आजही ती काढून दाखवतात. तो सिनेमा आमच्या तंबूंतही वर्षानुवर्षं येत राहिला. कन्हैयालालचा सुखीलाला सावकार पडद्यावर आला की मैदान पेटायचं. पुढे मीच वसुलीची जीप घेऊन त्या गावांतून फिरू लागलो. एका म्हातारीनं मला सुखीलाला म्हणून हाक मारली होती, प्रेमानं मारली असं मी धरून चालतो.

फाळणीनंतर बाबूरावांच्या लेखणीचा रंग पालटला होताच. पाकिस्तानवरचा राग हळूहळू इथल्या मुसलमान कलावंतांवर घसरू लागला. ज्यांच्या कामाची एकेकाळी तारीफ केली त्यांच्या निष्ठेविषयी संशय घेणं सुरू झालं. सआदत हसन मंटो मुंबईत असताना बाबूरावांच्या जवळचा होता. लाहोरला गेल्यावर त्यानं त्यांचं व्यक्तिचित्र लिहिलं. त्यात बाबूरावांच्या लेखणीचं अपार कौतुक आहे आणि त्या लेखणीचं पुढे काय झालं याची बोचही आहे. मला ते व्यक्तिचित्र बाबूरावांवरच्या सगळ्या लिखाणात न्यायाचं वाटतं, कारण लिहिणाऱ्याला दुखावलं गेलं होतं आणि तरी त्यानं मापात पाप केलं नाही.

मासिकाचं नाव ‘मदर इंडिया’ झालं आणि सिनेमा मागं पडला. 1967 साली बाबूराव जनसंघाच्या तिकिटावर मध्य प्रदेशातल्या शाजापूरहून लोकसभेत निवडून गेले. एकीकडे होमिओपथी, तिच्यावर जाडजूड पुस्तक, औषधं. इंदापूरच्या गुरुजींच्या टेबलावरचे अंक या काळातले. आता मागं वळून पाहताना वाटतं, त्या दोन ओळींच्या उत्तरांत चिमटा राहिला होता, पण ज्याच्यासाठी तो घ्यायचा ती गोष्ट हातातून गेली होती. सिनेमावर लिहिताना त्यांना निदान सिनेमा पाहावा लागे. तीन तास अंधारात बसावं लागे. एखादी नर्गिस समोर यायची आणि लेखणी आपोआप वळायची. देशावर आणि धर्मावर लिहिताना असं थांबवणारं कोणी समोर येत नाही. टाळ्या मात्र येतात. असो. गुरुजींना यातलं काही पटलं नसतं, ते शेवटपर्यंत बाबूरावांचे भक्त होते आणि त्यांनी मला इंग्रजी शिकवलं.

आमची नात अजून नोकरीत आहे. यादीतून एकदा तिचं नाव गेलं, दोन महिन्यांनी परत आलं. मध्यंतरी एका बड्या सिनेमावर तिनं लिहिलेलं मी वाचलं. नायिकेचं काम वाईट होतं हे तिनं लिहिलं होतं, कुठल्या प्रसंगात आणि का ते लिहिलं होतं, आणि तिच्या वजनाविषयी एक शब्द नव्हता. निर्मात्याला मात्र चांगला पिंजला होता.

1982 साली बाबूराव गेले. वांद्र्याला पाली हिलवर त्यांचा ‘गिरनार’ बंगला होता, त्यात सुशीलाराणी पुढे बत्तीस वर्षं राहिल्या. नवऱ्याबरोबर 1961 साली सुरू केलेल्या शिवसंगीतांजली या संस्थेत त्यांनी मुलामुलींना गाणं शिकवलं, नव्या गायकांना मैफली मिळवून दिल्या. 2002 साली त्यांना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला. 2014 साली, नव्वदी ओलांडल्यावर, त्या गेल्या. ‘द्रौपदी’ कसा पडला याच्या गोष्टी सिनेमावाल्यांनी पुष्कळ सांगितल्या. गाणाऱ्या मंडळींत त्यांचं नाव निघालं की बोलणं मोगूबाईंच्या तालमीवर येतं आणि तिथेच रमतं.